पांढरा पट्टा मारला म्हणजे सायकलवाला वाचतो का?

अनगोळकर:
बेळगावात रोज सायकलनं उद्यमबागला कामाला जातो. रस्ता नवा झाला की कडेला पांढरा पट्टा मारतात, सायकलचं चित्र काढतात, झालं काम. आठ दिवसांत त्यावर गाड्या उभ्या! त्यापेक्षा चौक सुधारा. गल्लीच्या तोंडाशी रस्ता फूटपाथच्या उंचीला आणला की वळणारी गाडी आपोआप हळू होते. आणि गटारीची जाळी. तिचे गज आमच्याकडे चाकाच्या दिशेनं उभे बसवलेत. गेल्या पावसात पुढचं चाक त्यात रुतलं, मी हँडलवरून थेट डांबरावर. गज आडवे बसवायला वेगळा फंड लागतो काय वो?

शहापूरचा दुकानदार:
जाळीचं पटलं. पण आमचा रस्ता केवढा? त्यातनं सायकलला जागा काढली तर टेम्पो उतरवायचा कुठं? आणि निम्मे सायकलवाले उलट्या बाजूनं येतात, रात्री लाईट नाही. आधी त्यांना शिकवा.

टिळकवाडीची निवृत्त शिक्षिका:
शिकवायचंच तर नीट शिकवा. 'कडेनं जा' हाच सल्ला घातक आहे. उभ्या गाड्यांपासून हातभर नव्हे, चांगलं मीटरभर लांब राहा. दार कधी उघडेल सांगता येत नाही. गाडीवाल्यानंही दार डाव्या हातानं उघडावं, म्हणजे अंग वळतं आणि मागचं दिसतं. सिग्नलला ट्रकच्या डाव्या अंगाला घुसू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. रेल्वे गेटवर रूळ तिरके ओलांडू नका, पावसात तर नाहीच.

अनगोळकर:
बाई, हे सगळं पाळतो. पण खानापूर रोडला मध्ये सरकलो की मागून हॉर्न आणि शिव्या. शहाणपण सगळं सायकलवाल्यानंच किती दाखवायचं? वेग आवरा. ताशी 50 वरून 30 वर आलं की धडकेचा जोर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो, हे शाळेतलंच गणित. हॉलंडमध्येही आधी मोटारींचंच राज्य होतं. 1970 च्या दशकात रस्त्यावर पोरं मरायला लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, मग तिथले रस्ते बदलले. दुकानदारसाहेब, माल सकाळी दहाच्या आत उतरवून घ्या की. दिवसभर कड मोकळी राहील.

शहापूरचा दुकानदार:
माल हुबळीहून निघतोच नऊला. दहाच्या आत काय उतरवू, माझं डोकं?