मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन नाशिकच्या वाइनच्या बागा बघायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

मुलुंडहून शनिवार-रविवार धरून नाशिकला जायचं ठरतंय. मी, नवरा आणि माझे आईबाबा. बाबा ७२ वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

बाबांचं लहानपण निफाडजवळच्या एका गावात द्राक्षबागेत गेलं. भोकरी द्राक्षं, डोक्यावर तारांचा मांडव. पुढे बाग विकली, बाबा बेस्टमध्ये लागले आणि इथलेच झाले. पण अजूनही द्राक्षं घेताना घड उचलून आधी देठ बघतात, हिरवा असेल तरच घेतात. एप्रिल आला की "आता खरड छाटणी चालू असेल" आणि दसऱ्याच्या सुमारास "गोडी छाटणी लागली असेल", हे आमच्या घरात दरवर्षी ऐकू येतं. मागच्या महिन्यात टीव्हीवर त्यांना वाइनची बाग दिसली. मांडव नाही, कुंपणासारख्या सरळ ओळी, आणि मणी अगदी बारीक. "एवढ्याशा मण्याचं हे लोक काय करतात, ते एकदा बघायचंय," म्हणाले. बाबा आपणहून कुठे जायचं म्हणत नाहीत, त्यामुळे मला ही सहल मनापासून नीट करायची आहे.

अडचण अशी की बाबा पीत नाहीत आणि आई माळकरी आहे. तिचा विरोध नाही, पण "तुम्ही तिघं जा, मी खोलीवर हरिपाठ म्हणत बसते" असं तिचं चाललंय. दोन दिवस तिने खोलीत काढायचे, हे मला नको आहे. तीन वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर तिकडच्या एका ठिकाणी गेले होते. मोठ्याने गाणी, बसायला जागा नाही, आणि द्राक्षाची वेल लांबूनच दिसली. आईबाबांना तसल्या गर्दीत नेणं शक्य नाही.

डोळ्यासमोर दोन तारखा आहेत: २४ ते २६ जानेवारी किंवा १४-१५ फेब्रुवारी. तोडणी प्रत्यक्ष बघायला मिळेल का? न पिणाऱ्यांना आत सोडतात का, आणि जिने किती असतात? शिवाय गाडी न्यावी की रेल्वे? आम्ही दोघं थोडी चव घेऊ, आणि त्यानंतर नवऱ्याने गाडी चालवायची नाही हे पक्कं आहे.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही तारखा बदला. २६ जानेवारीला ड्राय डे, म्हणजे टेस्टिंग बंद, आणि जोडून सुट्टी असल्याने आधीचे दोन दिवस तुफान गर्दी. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे, त्र्यंबकचा रस्ता भाविकांनी भरलेला असेल. आदल्या दिवशी १४ तारीख, तेव्हा वायनरीत जोडप्यांची गर्दी. ७-८ किंवा २१-२२ फेब्रुवारी बघा.

तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. आधी पांढरी (शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां), मग लाल (शिराझ, कॅबरने). दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची वाइनच्या द्राक्षांची बाग आहे, कंपनीशी करार करून. बाबांना सांगा, मणी बारीक ठेवतात तो मुद्दाम. खायच्या थॉमसन द्राक्षाला जीए (वाढीचं संजीवक) देऊन मणी फुगवतात, घडाची विरळणी करतात. इथे ते नको असतं, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी लहान तर रसाच्या मानाने साल जास्त. बिया असतात, साल जाड असते, तरी साखर खायच्या द्राक्षापेक्षा जास्त भरते. त्यांनी एक मणी चावून बघितला की लगेच कळेल.

तोडणी पहाटेच्या गारव्यात करतात, ऊन चढल्यावर गेलात तर रिकामे क्रेट दिसतील. म्हणून मुक्काम बागेजवळ करा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा या वायनऱ्या एकमेकींजवळ आहेत. सुला सगळ्यात प्रसिद्ध, त्यामुळे गर्दीही तिथेच जास्त. शांत हवं असेल तर इगतपुरी तालुक्यातलं व्हॅलोन बघा, मुकणे धरणाचं पाणी समोर दिसतं. न पिणारे सगळीकडे येतात, जेवायला बसतात. जिन्यांचं मात्र आधी फोन करून विचारा आणि गुडघ्याचं स्पष्ट सांगा. तोडणी कोणत्या प्लॉटवर आहे तेही आदल्या दिवशीच कळतं.

बाबांनी गाव सोडलं तेव्हा यातलं जवळपास काहीच नव्हतं. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, राज्याचं वाइन धोरण २००१चं, आणि 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं २०१० साली. त्यांना फरक डोळ्यांनी दिसेल.

प्रतिसाद २

रेल्वेनेच जा. शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी एक्स्प्रेस ठाण्याला पकडा, किंवा शनिवारी सकाळची शिर्डी वंदे भारत, तीही ठाण्याला थांबते. नाशिकरोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूर धरण दुसऱ्या टोकाला, तेव्हा दोन दिवसांसाठी गाडी चालकासकट ठरवा. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापासून सुरू होतो, कसारा घाट टळतो, हे खरं. पण चालवणार कोण हा तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आईंसाठी एकच सांगतो. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे, नाशिकपासून २८-३० किलोमीटर. माळकरी माणसाला नाशिकला नेऊन ज्ञानोबांच्या थोरल्या भावाच्या समाधीवर नेलं नाही, असं करू नका. शनिवारी आधी तिथेच जा. आईंचा दिवस आधी झाला की बागेत त्याही आनंदाने येतील.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. निवृत्तिनाथांचं मला सुचलंच नव्हतं. आईला सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "समाधीपाशी बसता येईल ना थोडा वेळ?" २१-२२ फेब्रुवारी नक्की करतोय. बाबांना पहाटेच्या तोडणीचं सांगितलं, तर म्हणाले, "दव असतं तेव्हा, पायात बूट हवेत," आणि माळ्यावरचे जुने बूट काढून ठेवलेत.

आता एवढंच सांगा: धरणाच्या बाजूला तळमजल्यावर खोली आणि साधं शाकाहारी जेवण मिळेल, असं घरगुती मुक्कामाचं ठिकाण कोणी स्वतः राहून बघितलंय का?