पहिला भाव कसा ठरवला? नागपूरकर उद्योजक बायकांचे अनुभव

धागाकर्ती, धरमपेठ

मार्चमधला महिला दिन आला की शाल, श्रीफळ आणि 'जिद्द, चिकाटी, मेहनत'. जिला खरंच काही सुरू करायचं असतं ती सभागृहातून बाहेर पडताना काय घेऊन जाते? उपमा आणि चहा. म्हणून हा धागा काढते आहे. अट एकच. प्रेरणा नको, भाव सांगा. पहिल्यांदा किती पैसे मागितले, कशाच्या आधारावर मागितले, कोणी बुडवले आणि मग काय केलंत.

लिज्जतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 15 मार्च 1959, गिरगावातली गच्ची, सात जणी, 80 रुपये. भाषणात त्या 80 रुपयांवर टाळ्या पडतात. मला त्यातलं दुसरंच आवडतं. ते पैसे उसने होते, म्हणजे फेडायचे होते. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हेही त्यांचं आधीच ठरलेलं होतं. पहिली चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. विकली, चवीला म्हणून वाटली नाहीत.

लिहा. गुड मॉर्निंगची फुलं टाकलीत तर उडवीन.

वाळवणवाली, मानेवाडा

पापड, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या. (पुण्याकडच्यांसाठी: सरगुंडे म्हणजे कणीक काडीवर गुंडाळून वाळवलेल्या पोकळ नळ्या. उकडून आमरसाबरोबर खातात. नाही खाल्ले? असो.)

मी दोन हिशेब वेगळे ठेवते. सामान तुमचं असेल तर मजुरी, माल माझा असेल तर तयार भाव. मजुरीही सरसकट नाही. पापडाची कमी, कुरडईची सगळ्यात जास्त. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक बसू द्यायचा, भल्या पहाटे तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून काढायचा. किलोभर गव्हाची किलोभर कुरडई होत नाही, कोंडा जातो. हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. "आमचा गहू कुठे गेला?" असं विचारणाऱ्या काकू दर मे महिन्यात भेटतात. आता मी कोंडा पिशवीत भरून परत देते. प्रश्न बंद.

आणखी एक वाक्य ठरलेलं: "ऊन तर फुकटच आहे नं नागपुरात." ऊन फुकट आहे हो, गच्चीवर मी उभी असते. शिवाय वळवाचा पाऊस आला की अख्खी खाट गोळा करून जिन्यात आणावी लागते, त्यातला थोडा माल जातोच. तो तोटा मी भावात आधीच धरते. पाऊस आला नाही तर तो माझा नफा, त्याची लाज वाटून घ्यायची नाही.

मटकेवालीची लेक, पाचपावली

आई सांगून राहिली, मी टाइप करून राहिली. शब्द तिचेच ठेवते.

"मी मटक्यावरच्या लांब रोट्या करतो. लगनात, बारशात, सावजीच्या जेवनात. पयले लोक नगावर भाव करत. रोटी लहानमोठी झाली का भांडन. मंग मी म्हनलं, रोट्या मोजू नका, आटा मोजा. किलोवर मजुरी. गहू तुमचा, लाकडं तुमचे, मटका माहा. कनीक पातळ, हातावर झेलत झेलत वाढवा लागते, तापल्या मटक्यावर टाकताना कोपरापर्यंत चटका बसते. त्याचा भाव कोनी इचारत नाही, म्हनून तोबी किलोतच धरला.

"अर्धे पैसे चूल पेटाच्या आंधी. जेवन झाल्यावर मालक सापडत नाही. आचारी म्हनते मालकाले इचारा, मालक म्हनते आचाऱ्याले इचारा, अन् आपन मटका घेऊन उभे. एका हॉटेलवाल्यानं महिन्यावर बोलावलं होतं. म्या नाई म्हनलं. लगनसराईत सकाळी एका मांडवात, सांजच्याले दुसऱ्या. महिन्याचा पगार घेतला तं थे दुसरा मांडव त्याचा होते."

(आई दुसरी शिकली आहे. हॉटेलवाल्याचं गणित तिनं जागेवर उभ्या उभ्या केलं होतं, मी कॉमर्सची असून मला नंतर समजलं.)

लेथवाली, हिंगणा रोड

आमच्यात भाव वेगळा असतो, मशीनच्या तासावर. लेथ (लोखंड कातायचं मशीन) एक तास चालली तर वीज, टूल, कामगार, मशीनचा हप्ता आणि माझा पगार मिळून किती, तो आकडा माहीत असला की कोटेशन देताना जीभ अडखळत नाही. माझा पगार हा शब्द मुद्दाम लिहिला. कामगाराचा पगार प्रत्येक मालक धरतो, बाई मालक झाली की स्वतःचा धरत नाही, 'उरेल ते माझं' म्हणते.

डिप्लोमा मेकॅनिकल, काही वर्षं एका कारखान्याच्या परचेसला नोकरी. तिथे टेबलाच्या पलीकडून शिकले की लहान पुरवठादाराचे पैसे सगळ्यात शेवटी निघतात, कारण तो ओरडत नाही. स्वतः पुरवठादार झाल्यावर तेच माझ्या वाट्याला आलं. एक मोठं गिऱ्हाईक (नाव घेत नाही) बिल अडकवून बसलं होतं. दर फोनला "मॅडम, साहेब बाहेर आहेत."

इथल्या प्रत्येकीला माहीत असावं म्हणून लिहिते. सूक्ष्म-लघु उद्योगांचा 2006 चा कायदा आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला पैसे द्यायला 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. 2023 च्या अर्थसंकल्पातून आणखी एक गोष्ट आली. अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. हा फायदा बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसता माल आणून विकणाऱ्यांना नाही. आणि त्यासाठी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव) हवी. ती ऑनलाइन होते, आधारवर होते आणि पूर्ण फुकट आहे. दोन हजार घेणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

मी काय केलं? भांडले नाही. पुढच्या बिलावर उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची ओळ ठळक छापली आणि प्रत त्यांच्या अकाउंट्सला पाठवली, साहेबांना नाही. अकाउंट्सवाल्याला ऑडिटरची भीती असते. पैसे आले.

त्रिमूर्तीनगर पार्लर

माझं थोडक्यात. भिंतीवर दरपत्रक लावा. तोंडाने भाव सांगितला की बाई घासाघीस करते, भिंतीशी करत नाही. नातेवाइकांसाठी वर्षातून एकदा, वाढदिवसाला फुकट. बाकी दिवस भिंत.

वाचक

बायकोचं बुटीक आहे, गांधीबागेतून कापड आणायचं काम माझ्याकडे. नवऱ्यांनी काय करावं यावरही कोणी लिहा.

धागाकर्ती

कापड आणावं आणि ब्लाउजची शिलाई किती घ्यायची यावर मत देऊ नये. पुढे.

डबेवाली, नंदनवन

मेडिकलच्या मुलामुलींचे डबे. महिन्याचा भाव ठरवते, दिवाळीपर्यंत तो बदलत नाही. पण आमचं ठरतं ते ताटाचं, भाजीचं नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरी पार गेले तेव्हा बाकीच्यांनी डब्याचे पैसे वाढवले. मी टोमॅटो बंद केले. पाटवडी, झुणका, चिंचेवरची आमटी, डाळ-कांदा. विदर्भात बेसनावर महिना काढता येतो, पोरं उलट खूश.

सुट्टीचे पैसे कापायचे तर आदल्या रात्री आठच्या आत कळवा. सकाळी "आंटी, आज नको" आलं तर डबा धरला जातो. पहिल्या महिन्यात कुरकुर होते, दुसऱ्या महिन्यात सवय होते.

कागदपत्रांचं: अन्नसुरक्षेची साधी नोंदणी मी काढली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला. तो 14 आकडी क्रमांक डब्याच्या कार्डावर छापला आणि हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी स्वतःहून नंबर मागितला.

कर्जाचं मात्र माझं मत ऐका. लगेच घेऊ नका. आधी भिशीच्या पैशात सहा महिने चालवून बघा.

लेथवाली, हिंगणा रोड

ताई, डब्याला चालेल. लेथ भिशीत येत नाही. मी मुद्रा घेतलं, म्हणजे लहान धंद्यासाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज. 50 हजारांपर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण. आता तरुण चांगलं फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंतही मिळतं. तारण लागत नाही. बँकेत एकाने "मिस्टरांची सही आणि घराचे कागद आणा" म्हटलं, मी "लेखी द्या" म्हटलं. लेखी कोणी देत नाही. दुसऱ्या शाखेत काम झालं.

डबेवाली, नंदनवन

बरं बाई. पण हप्ता रविवारीपण चालू असतो, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

संत्रंवाली, कळमेश्वरकडून

गाव ग्रामीण, बाजार नागपूर. संत्र्याचा स्क्वॅश, मुरंबा. आंबिया बहाराचं (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) फळ ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचं फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू. लहान फळ व्यापारी बाजूला काढतो, कारण ते पेटीत शोभत नाही. मला रस हवा, शोभा नको. मी तेच उचलते, म्हणून माझा भाव बसतो.

नागपुरी संत्र्याची एक खोड आहे. काढला तेव्हा रस गोड, थोड्या वेळाने कडवट. बिया आणि फोडींची सालं चिरडली गेली की हे हमखास होतं. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन मी यावर बोलून आले. सरकारी संस्था म्हणून घाबरू नका, विचारलं की सांगतात. आता बिया फुटू न देता हलक्या हाताने रस काढायचा, त्याला बाया जास्त लागतात. तो खर्च बाटलीवर येतो. स्क्वॅशमध्ये किमान 25 टक्के रस असावा असा नियम आहे, मी त्याहून बराच जास्त घालते आणि टक्का मोठ्या अक्षरात छापते. गिऱ्हाईक दोन बाटल्या हातात घेऊन टक्के वाचतं, मग मला 'महाग का' याचं उत्तर द्यावं लागत नाही.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून युनिट टाकलं. बाईला ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, शहरात 25, स्वतःचे 5 टक्के घालायचे. पण ऐका, अनुदान हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं. लोकांना वाटतं 35 टक्के पैसे पोत्यात भरून मिळणार आणि त्या भरवशावर गाडी बुक करतात.

बंद केलेली, प्रतापनगर

केक करत होते. दोन वर्षांनी बंद केला. रडगाणं नाही. ऑर्डरी भरपूर होत्या. स्वतःचा तास धरून हिशेब मांडला तर माझ्या भागात लोक जेवढं द्यायला तयार होते त्यात तो बसत नव्हता. भाव वाढवून पाहिला, गिऱ्हाईक निम्मं झालं. ओव्हन चांगल्या किमतीत विकला. आता शनिवार-रविवार शिकवण्या घेते केकच्याच, त्यात तास नीट वसूल होतो.

धागाकर्ती

हा अनुभव वर पिन करते आहे.

नवी सभासद, हुडकेश्वर

मी चकल्या करून देते. 200 रुपये किलो. कोणी जास्त दिले तर घेते. बरोबर आहे का?

वाळवणवाली, मानेवाडा

पाच किलोच्या घाण्याला खर्च आणि वेळ किती लागतो ते लिही.

नवी सभासद, हुडकेश्वर

भाजणीचं सामान 245, दळण 35, तेल दीड किलो 225, तीळ-तिखट-मीठ 60, गॅस 60, पाकिटं 40. वेळ साधारण सहा तास, भाजण्यापासून पाकीट बंद करेपर्यंत.

लेथवाली, हिंगणा रोड

सामान 665. 200 ने पाच किलोचे 1000 येतात, उरले 335. सहा तासांचे. तासाला 56 रुपयेही पडत नाहीत, तेही एकही चकली मोडली नाही तर.

आता उलटं कर. तासाला 70 धर, सहा तासांचे 420. एकूण 1085. मोडतोड, पोहोचवायचं पेट्रोल यासाठी दहा टक्के, 1193. पाच किलोने भाग, 239. ही तुझी घरातली किंमत, यात धंद्याचा नफा नाही. त्यावर चौथाई ठेव. 298. म्हणजे 300.

नवी सभासद, हुडकेश्वर

300 कोण देईल? माझ्या सगळ्या बाया ओळखीच्या आहेत.

मटकेवालीची लेक, पाचपावली

आई म्हणते, "ओळखीच्या हायेत म्हनूनच पयले त्याईले सांग. अनोळखी बाई भाव ऐकून निघून जाते, ओळखीची भांडते तरी."

डबेवाली, नंदनवन

गोकुळपेठेत दोन-तीन दुकानांत जाऊन चकलीचा भाव विचारून ये. विकत घेऊ नको, नुसतं विचार.

नवी सभासद, हुडकेश्वर

विचारून आले. 360 आणि 380. एका ठिकाणी तीळ जवळपास नव्हतेच. काल सोसायटीच्या ग्रुपवर 300 टाकला. दोघींनी डोळे मोठे केलेले चेहरे पाठवले. एकीने फोन करून "अगं, एकदम शंभर?" म्हटलं. मी वाळवणवाली ताईंसारखा कोंडा तर परत देऊ शकत नाही, म्हणून हिशेबाचा फोटो पाठवला. तिने एक किलो सांगितली, बाकीच्यांचं अजून काही आलं नाही. पाव किलोचं पाकीट ठेवू का? त्याचे 75 घ्यायचे की 80?

वाळवणवाली, मानेवाडा

80. पाकीट चार लागतात. आणि वजन, तारीख, पत्ता, किंमत पाकिटावर छाप, नुसतं पेनाने लिहू नको, तेलाने पुसतं.