अनुभव धागा: उदास आल्ट-पॉप गाण्यातली हुरहूर येते कुठून?

शब्द नुसते वाचले तर रडण्याजोगं काही नसतं, तरी गाणं ऐकताना छातीवर ओझं ठेवल्यासारखं होतं. मूडी आल्टर्नेटिव्ह पॉपमध्ये हे नेहमीचंच. ते काम कोण करतं? सूर, आवाज, मिक्सिंग की शब्द? गाणी करणाऱ्यांनी नेमकं लिहा. 'व्हाइब' हा शब्द टाळा, आकडे द्या.

* * *

बरीच गाणी नॅचरल मायनरमध्ये, म्हणजे आसावरी थाटाच्या सुरांत असतात. ए मायनर, एफ, सी, जी हे चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) फिरवत राहा. मध्ये ई मेजर घेतलात की त्यातला जी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद, षड्जाकडे (इथे ए) ओढतो आणि गाणं घरी पोचतं. तिथे ई मायनर घ्या. कोमल निषादाला तेवढी ओढ नसते, गाणं उंबरठ्यावर घुटमळतं. शेवटही एफवर सोडून बघा. डी मायनरच्या जागी डी मेजर (शुद्ध धैवत) क्षणभर उजेड आणतो, पण गाण्यात एकदाच. दर फेरीत आणला की गाणं काफी थाटाकडे झुकतं.

* * *

लय संथच हवी असं नाही. टेम्पो १४० (मिनिटाला १४० ठोके) ठेवा, स्नेअर ड्रम चारातल्या फक्त तिसऱ्या ठोक्यावर. कानाला ७० वाटतं, हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) मात्र धावत असते. वरून निवांत, आतून बेचैन.

* * *

आवाजाबद्दल. कुजबुजल्यासारखं गायचं तर माइक तोंडापासून साधारण १० सेंटिमीटरवर. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक इतका जवळ आला की खालच्या फ्रिक्वेन्सी फुगतात, कानात बोलल्याचा भास त्यातूनच होतो. तोटे दोन. 'प', 'फ', 'भ' ला हवेचा धक्का बसतो: पॉप फिल्टर लावा आणि माइक जरा तिरका धरा. दुसरा, हळू गाण्यामुळे गेन (माइकच्या सिग्नलची पातळी) वाढवावा लागतो, वर ४:१ कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणं). मग पंख्याची घरघरही गाऊ लागते. आधी पंखा बंद. 'स', 'श' साठी डी-एसर (सकार दाबणारा प्रोसेसर) ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास, बेताने. नाहीतर उच्चार बोबडे होतात.

रिव्हर्बमध्ये (आवाज खोलीत घुमल्यासारखा परिणाम) बहुतेक जण घसरतात. ८० च्या टेम्पोला एक ठोका ७५० मिलिसेकंद, चार ठोक्यांचा बार ३ सेकंद. रिव्हर्बची शेपटी त्याहून लांब ठेवली की मागच्या कॉर्डचे सूर पुढच्यात मिसळून चिखल होतो. २ ते २.५ सेकंद पुरे. प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीचा उशीर) ३० ते ४० मिलिसेकंद द्या, म्हणजे शब्द पुढे राहतो आणि खोली मागे. रिव्हर्बचा २५० हर्ट्झखालचा भाग कापून टाका.

* * *

बेस हेडफोनवर दणदणीत आणि फोनवर गायब, ही तक्रार हमखास येते. ५० हर्ट्झचा सूर फोनचा स्पीकर वाजवूच शकत नाही. थोडं सॅच्युरेशन (सुराला हलकीशी विकृती) दिलं की १००, १५०, २०० हर्ट्झच्या हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि कान मूळ सूर स्वतःच भरून काढतो. आवाज वाढवणं हा उपाय नव्हे, त्याने मिक्स गुदमरतं.

* * *

शब्दांकडे या. अशा गाण्यातला 'तू' धूसर असतो: प्रियकर, मैत्रीण, स्वतःच, काहीही. मराठीत क्रियापद चहाडी करतं. 'गेलास' म्हटलं की पुरुष, 'गेलीस' म्हटलं की स्त्री. वाट अशी: भविष्यकाळ ('येशील'), आज्ञार्थ ('थांब'), किंवा सकर्मक भूतकाळ. 'तू दार लावलंस' मध्ये क्रियापद दाराच्या मागे जातं, माणूस झाकलेला राहतो. ध्रुवपदात हेच वाक्य ठेवा आणि शेवटच्या फेरीला फक्त 'मी दार लावलं' करा. चाल तीच, ड्रम काढून टाका. अर्थ उलटतो, समजावून सांगणारं कडवं लागत नाही.

* * *

पुरवणी: 'तुम्ही गेलात' मध्येही लिंग झाकलं जातं, पण 'तुम्ही' आलं की अंतर येतं. १० सेंटिमीटरवरून कुजबुजायचं आणि अहो-जाहो करायचं, हे जमत नाही.