मदत हवी आहे: गोळी गिळता येत नाही, आणि बीपीची 'रिटार्ड' गोळी कुटायची नाही

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची. बीपीसाठी निफेडिपिन रिटार्ड २० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. हल्ली गोळी घशात अडकते, म्हणून परवा मी ती कुटून मधातून दिली. तासाभरात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उठताना तोल गेला. बीपी ९६/५८! मी जाम घाबरले.

डॉक्टरांना फोन केला. ही गोळी १२ तास औषध थोडंथोडं सोडते, कुटली की सगळं एकदम रक्तात उतरतं आणि बीपी धाडकन कोसळतं, असं ते म्हणाले. हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत मराठीत का नसतं? सोमवारपर्यंत काय द्यायचं ते त्यांनी सांगितलंय. मग प्रत्यक्ष भेट.

तुमच्या घरी असा गिळण्याचा त्रास असलेलं कुणी आहे का? डॉक्टरांनी काय बदलून दिलं? बीपीचीच दुसरी गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, साधी (रिटार्ड नसलेली) असूनही शरीरात बराच वेळ टिकते, दिवसातून एकदा पुरते. कुणाला ती दिली का? पाय सुजले का? भेटीत आणखी काय विचारू? औषध मनाने बदलणार नाही, फक्त तयारीने जायचंय.