मदत हवी आहे : लेसरने टॅटू काढतेय, 'निर्भय'मधलं 'भय' तेवढं उरलंय

कोरीपाटी

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, 'गोंदवायच्या आधी विचार करायचा होता' हा प्रतिसाद घरच्यांकडून मिळून झालाय. तो सोडून बाकी काहीही चालेल.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, 'निर्भय' असं गोंदवून घेतलं होतं. काळी अक्षरं आणि खाली एक छोटं हिरवं पान. तेव्हा मी वीस वर्षांची, आता चौतीस. नकोसा का झाला याची काही मोठी कहाणी नाही. कुणी सोडून गेलं वगैरे तर नाहीच. रोज घड्याळ बांधताना स्वतःच्याच हातावरची पाटी वाचायचा कंटाळा आला, एवढंच.

दर चार आठवड्यांनी एक अशी पाच सिटिंग झाली. पहिल्या दोन-तीन सिटिंगमध्ये तर जादूच वाटली. आधी रफार गेला, मग वेलांटी, मग 'न' इतका फिका झाला की आता तिरका प्रकाश पडला तरच त्याची सावली दिसते. 'भय' मात्र जागचं हलत नाहीये. गोंदवल्यावर दोनेक वर्षांनी शेवटची दोन अक्षरं विटल्यासारखी वाटली म्हणून त्यांच्यावरून मी पुन्हा सुई फिरवून घेतली होती, त्याचं फळ असावं. भाची नुकती वाचायला शिकलीय. परवा माझा हात मांडीवर घेऊन, एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने वाचलं, "भ... य... भय." आणि मग वर बघून, "कशाचं?"

आता अडचण. चौथ्या सिटिंगनंतर काहीच फरक दिसला नाही, म्हणून पाचव्याला त्यांनी पॉवर वाढवली. रात्रीतून टपोऱ्या द्राक्षाएवढा फोड आला, बरा व्हायला दोन आठवडे लागले. शिवाय 'नि' होता तिथली कातडी आजूबाजूपेक्षा उजळ दिसतेय, जुनी चिकटपट्टी काढल्यावर दिसते तशी. सेंटरवाले म्हणतात, पुढच्या वेळी आणखी पॉवर वाढवू आणि तीन आठवड्यांनीच या. मशीन चालवणारी मुलगी स्वभावाने गोड आहे, पण ती डॉक्टर नाही. डॉक्टर मला फक्त पहिल्या दिवशी पाच मिनिटं दिसले. एकीकडे मैत्रीण म्हणते, 'हे सोड, पिको लेसर कर, दोन सिटिंगमध्ये साफ.'

पॉवर वाढवू द्यावी का? पिकोने खरंच दोनात काम होतं का? तो उजळ डाग जाईल का? आणि पानावर इतक्या वेळा मारूनही ते जसंच्या तसं हिरवंगार का?

---

फुकटसल्ला

'भय'च्या आधी एक 'अ' गोंदवून घ्या. 'अभय'. अर्थ कायम, सिटिंग बंद, धागा समाप्त. (हलके घ्या.)

---

कोरीपाटी

हसू आलं खरं. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "अरे हो की!" पण सुई आता पुन्हा नको.

---

जुनीशाई

ताई, मी या रस्त्याने गेलोय. दंडावरचा तळहाताएवढा टॅटू, अकरा सिटिंग, जवळजवळ दोन वर्षं. थोडं मोकळेपणाने लिहितो, कारण मी सुरू केलं तेव्हा असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

गोंदवताना दुखलं त्यापेक्षा काढताना जास्त दुखलं. रबरबँड ताणून सोडावा आणि त्याच जागी गरम तेलाचा थेंब उडावा, तसं काहीसं. नशीब एवढंच की ते मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. पहिल्या ठोक्याबरोबर टॅटू एकदम पांढराफटक पडला तेव्हा मला वाटलं, गेला! आनंदाने ओरडलोच. पंधरा मिनिटांत शाई पुन्हा वर आली. त्या पांढऱ्या थराला फ्रॉस्टिंग म्हणतात, कातडीत क्षणभर झालेले वायूचे बुडबुडे असतात ते, हे नंतर कळलं. मशीनवालीने आधी सांगितलं असतं तर घरी फोन करून पेढे सांगितले नसते.

फोड आले तर फोडायचे नाहीत. ती वरची कातडी म्हणजे फुकटची मलमपट्टी. मी वर पेट्रोलियम जेली लावायचो आणि न चिकटणारी पट्टी सैलसर बांधायचो. दोन आठवड्यांनंतर जी खाज सुटते ती सगळ्यात वाईट, रात्री झोपेत नखं तिकडे वळतात. मी हातमोजा घालून झोपायचो, बायको अजून चिडवते.

महत्त्वाचं हे. सातव्या आणि आठव्या सिटिंगच्या मध्ये घरच्या अडचणींमुळे पाच महिन्यांचा खंड पडला. मला वाटलं, गेली मेहनत वाया. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा फरक मला त्या पाच महिन्यांतच दिसला, एकही ठोका न मारता. तेव्हापासून मी दहा आठवड्यांच्या आत कधी गेलो नाही.

आणि फोटो एकाच खिडकीत, एकाच वेळी काढत जा. रोज बघून काही कळत नाही.

---

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. हात न बघता निदान करता येत नाही, तेव्हा हे सामान्य माहिती म्हणून वाचा. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो : सहावं सिटिंग तूर्त रद्द करा.

लेसर शाई काढत नाही. लेसर शाई फोडतो. टॅटूची शाई कातडीच्या खालच्या थरात असते आणि बरीचशी तिथल्या भक्षक पेशींच्या पोटात असते. कण मोठे, पेशींना ते पचवता येत नाहीत आणि हलवताही येत नाहीत, म्हणून टॅटू टिकतो. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी एक पेशी मेली की तिने सोडलेली शाई शेजारच्या नव्या पेशी गिळतात. म्हणजे पेशी बदलतात, शाई तिथेच. लेसरचा ठोका सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतकाच असतो. तेवढ्यात शाईचा कण तापून फुटतो, आजूबाजूची कातडी तापायच्या आत. पुढचं वाहून न्यायचं काम शरीराचं, लसिकेच्या वाटेने, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. चार आठवड्यांनी पुन्हा ठोका मारायचा म्हणजे हमाल अजून पहिलीच पोती उचलतायत आणि आपण दारात नवा ट्रक उभा केला, असं होतं.

२०१२ मध्ये ३५२ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १० सिटिंगनंतर साधारण ४७ टक्के लोकांचा टॅटू समाधानकारक गेला होता, १५ नंतर सुमारे ७५ टक्के. ज्यांची सिटिंग आठ आठवड्यांच्या आत होत होती त्यांचे निकाल वाईट होते, सिगारेट ओढणाऱ्यांचेही. तेव्हा पाच सिटिंगमध्ये निम्मा शब्द गेला, ही काही वाईट प्रगती नाही.

'भय' का अडलंय याचा तुमचा अंदाज बरोबर वाटतो. दोनदा गोंदवलेल्या जागी शाईचे थर जास्त असतात. त्यात मनगटाजवळची जागा. हृदयापासून जितकं लांब तितकी सफाई हळू. मानेवरचा टॅटू लवकर जातो, घोट्यावरचा रडवतो.

तुमच्या सेंटरला विचारा : कुठलं मशीन, कुठली तरंगलांबी. उत्तर आकड्यात मिळालं पाहिजे. 'लेटेस्ट इंपोर्टेड' हे उत्तर नव्हे. आणि आयपीएलने (हा लेसर नव्हे, नुसता तीव्र प्रकाशाचा झोत) टॅटू काढतो असं कुणी म्हणालं तर चप्पल घाला आणि निघा. त्याचे ठोके इतके लांब असतात की शाई फुटण्याऐवजी कातडी भाजते.

---

अर्धवट

आयडी बघून ओळखलं असेलच. सहा सिटिंगनंतर थांबलो. पाठीवर आहे, मला दिसत नाही, बायकोला दिसतं आणि ती म्हणते जुन्या वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरची अक्षरं दिसावीत तसं दिसतं. थांबलो त्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की एका 'टॅटू घालवणाऱ्या' क्रीमच्या नादी लागलो होतो, त्याने एका कोपऱ्यात जो व्रण उठला तो लेसरलाही जाईना. व्रणाच्या आत शाई अडकून बसलीय. क्रीम, मीठ घासणं, ॲसिड यातलं काहीही करू नका.

---

कोरीवभुवई

थोडं अवांतर, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मी भुवया भरून घेतल्या होत्या, तपकिरी रंगात. एका कोपऱ्यावर लेसरचा पहिला ठोका मारला आणि तपकिरीचा डोळ्यांदेखत पाटीसारखा काळा-करडा झाला! नशिबाने डॉक्टरने मुद्दाम शेपटीकडच्या मुगाएवढ्या ठिपक्यावरच करून बघितलं होतं. अशा रंगात लोहाचं ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलं की लेसरने तो काळवंडू शकतो, असं कळलं. पांढरा, कातडीच्या रंगाचा, ओठांचा गुलाबी, सगळ्यांना हा धोका. आधी ठिपका, मग बाकीचं.

---

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीशाई, हातमोज्याची आयडिया आजपासून.

त्वचावैद्य सर, काल सेंटरला जाऊन विचारलं. आधी 'मॅडम, एवढं खोलात कशाला जाता' झालं, मग ती मुलगीच मशीनच्या पडद्याचा फोटो काढू देऊन मोकळी झाली. 'क्यू-स्विच एनडी-याग'. अक्षरांवर आधी १०६४ होतं. पाचव्या वेळी पानाबरोबर अक्षरांवरही ५३२ मारलं, 'हे जास्त स्ट्राँग असतं' म्हणून. गेल्या वेळी गडबडीत चष्माही उशिरा दिला होता, तेही आता आठवतंय.

---

त्वचावैद्य

चष्म्याचं आधी. चष्म्याशिवाय एकही ठोका नाही, तोसुद्धा त्याच तरंगलांबीचा चष्मा हवा. साधा गॉगल चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा भरून येत नाही.

आता आकडे. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, खोल जाणारा आणि कातडीच्या स्वतःच्या रंगद्रव्याला तुलनेने कमी छेडणारा. सावळ्या-गव्हाळ कातडीवर काळ्या शाईसाठी आम्ही म्हणूनच तो वापरतो. ५३२ हा हिरवा प्रकाश, आणि रंगद्रव्य त्याला चांगलंच शोषून घेतं. शाईबरोबर कातडीचा रंगही मार खातो. फोड आणि उजळ डाग यांमागे तो असण्याची दाट शक्यता आहे, वाढवलेली पॉवर जोडीला होतीच.

आणि तुमचं पान. ५३२ लाल शाईसाठी उत्तम. पण हिरव्या पानावर हिरवा प्रकाश मारला की पान तो परतवून लावतं, म्हणूनच तर ते हिरवं दिसतं! त्याला ७५५ किंवा ६९४ लागतो, आणि हे दोन्हीही रंगद्रव्याला सोडत नाहीत, त्यामुळे जपून आणि आधी ठिपका मारून.

पिकोबद्दल. अमेरिकेत टॅटूसाठी पहिल्या पिको लेसरला २०१२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. ठोका आणखी कितीतरी छोटा, कण बारीक फुटतात, काही रंगांना खरोखर फायदा होतो. पण दोन सिटिंगमध्ये साफ, हे जाहिरातीचं गणित आहे. उचलून न्यायला हमाल तेच.

उजळ डाग बरेचदा काही महिन्यांत भरतो, कधी वर्ष लागतं, क्वचित कायमचा राहतो. तोवर हात झाका, सनस्क्रीन लावा. आजूबाजूची कातडी उन्हाने काळवंडली की डाग उगाच जास्त दिसतो. निदान तीन महिने काही करू नका, मग डॉक्टर स्वतः मशीन चालवतात किंवा शेजारी उभे राहतात अशा ठिकाणी दाखवा. व्रण वाढायची सवय, नागीण, चालू गोळ्या, गरोदरपण, यांतलं काही असेल तर न विचारताही सांगा. टॅटूत तीळ असला तर तोही दाखवा, त्याच्यावरून लेसर फिरवत नाहीत.

---

फुकटसल्ला

सर, एवढं समजावून सांगितलंत, आता माझ्या 'अ'चं काय?

---

त्वचावैद्य

बऱ्या न झालेल्या कातडीवर सुई? 'अ' नाही, 'आई गं' होईल.

---

कोरीपाटी

ठरलं. सहावं सिटिंग रद्द केलं. सेंटरवाल्यांनी पॅकेजचे उरलेले पैसे परत द्यायला तोंड वाकडं केलंय, ते वेगळं भांडण, त्यासाठी वेगळा धागा काढेन.

पान मात्र मी ठेवतेय. काल रात्री नीट बघितलं तर एकटं पान वाईट दिसत नाही, आणि इतके ठोके खाऊन तसंच उभं आहे बिचारं. नवऱ्याचं म्हणणं, हे मी पैसे वाचवायला म्हणतेय. असेलही.

भाचीला सांगितलं, हा शब्द हळूहळू पुसला जाणार आहे. तिला भयंकर मजा वाटली. आता आमची पैज लागलीय की आधी 'भ' जाणार की 'य'. तिने 'भ' घेतलाय. तीन महिन्यांनी त्याच खिडकीतला फोटो टाकते.

---

त्वचावैद्य

'भ'ची गाठ शाईने भरलेली असणार. मी 'य'वर.