मदत हवी आहे : ११ वरून १२ वर जाताना सम सुटते

मंडळी, ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन रॉक बँडचं १९६९ चं ‘व्हिपिंग पोस्ट’ हे गाणं बेस गिटारवर बसवतोय. सुरुवातीचा रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा सुरांचा तुकडा) ३+३+३+२, म्हणजे ११ मात्रांचा. थोडा तबला शिकलोय, त्यामुळे टाळी देत मोजलं की जमतो. गंमत म्हणजे गाणं लिहिणाऱ्या ग्रेग ऑलमनला तो ११ चा आहे हे ठाऊकच नव्हतं, भाऊ डुएनने सांगितलं!

अडतं ते पुढे. गाणं सुरू होताना सगळं १२/८ मध्ये (तीन-तीनचे चार गट) जातं आणि माझा पाय मात्र त्या शेवटच्या दोनवरच लंगडतो. ड्रमर मागे राहतो, मी पुढे. न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’ सभागृहातल्या १९७१ च्या लाइव्ह रेकॉर्डिंगवर तर पार हरवतो, ते २३ मिनिटांचं आहे हो!

हा सांधा तुम्ही कसा धरता? तोंडाने बोल म्हणत, की पायाने नुसते चार ठोके देत?