मदत हवी आहे: नायट्रो ट्रकचे इंजिन इग्नायटर काढताच बंद पडते

नमस्कार. माझ्या रिमोट कंट्रोल ट्रकच्या नायट्रो इंजिनाचा ग्लो प्लग (तापलेल्या तारेने सिलिंडरमधील इंधन पेटवणारा प्लग) बाहेर काढून इग्नायटरला (सुरू करताना प्लग तापवणाऱ्या बॅटरीच्या साधनाला) लावला असता त्याची तार लालभडक होते, 20 टक्के नायट्रोमिथेनचे इंधन ताजे आहे आणि ते नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचताना दिसते; तरीही इंजिन चार ठोके देते आणि इग्नायटर काढताच बंद पडते. पुढे इंजिन सुरू करण्याची दोरी अर्ध्यावर अडकते व प्लग काढून ओढल्यास भोकातून इंधनाचा फवारा उडतो. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात हवा विरळ होऊन मिश्रणात इंधन जास्त होत असावे, असा माझा कयास आहे. अशा वेळी आधी हाय-स्पीड नीडल (जास्त वेगात इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) आठवा भाग फेरा आवळावी, की लो-स्पीड (कमी वेगासाठीची)? अधिक उष्ण प्रकारचा (उष्णता जास्त धरून ठेवणारा) प्लग घालणे या हवेत सुरक्षित ठरेल का? (दोरी जोराने ओढण्याचा सल्ला कृपया देऊ नये, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.)